हात लावला की संपलं

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या वसतिगृहातल्या मुली सकाळी नळाखाली हात धरायला कचरतात. एक जण तोटी सोडते, दोघी मागे सरकतात, कुणीतरी "तू आधी" म्हणतं. मी नगरला मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक आहे. थंडी आली म्हणजे माझ्या कामांची यादी ठरलेली असते: सोलरचं पाणी कोणत्या मजल्याला कधी, जादा ब्लँकेटं कुणाला, खोकल्याचं औषध कपाटाच्या कुठल्या कप्प्यात, नाताळच्या सुटीत घरी कोण जाणार आणि इथेच कोण राहणार. यात नवीन काही नाही. पण गेल्या हिवाळ्यापासून यादी करता करता माझा हात मध्येच थांबतो. मी नळाचं पाणी तळव्यावर घेते आणि आठवायला बघते, ते पाणी याच्यापेक्षा किती थंड होतं.

आठवत नाही. थंडी गेली की अंग तिला विसरून जातं. लक्षात राहतात त्या तिच्या भोवतालच्या गोष्टी. मेंढीच्या लोकरीतून काढलेल्या चरबीचा उग्र वास. थर्मासच्या तोंडावरची वाफ. दोरीला बांधलेली बाटली पाण्यावर आपटल्याचा आवाज. आणि माझ्या बहिणीचे ओठ, जांभळाचा रस लागल्यासारखे.

रूथ माझी धाकटी बहीण. शाळेत खेळाची शिक्षिका आहे, चाळिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, राहते माझ्याच क्वार्टरमध्ये. तिनं ठरवलं की इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधली खाडी पोहून जायची. ज्या जिल्ह्यात अर्ध्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो तिथल्या बाईनं हे ठरवावं याचं लोकांना हसू आलं. मला आलं नाही, कारण तिनं ते भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं, भाकरी मोडता मोडता सांगितलं. त्या आवाजात ती बोलली की ते होतंच.

खाडीत उतरू देण्याआधी तिथले लोक पुरावा मागतात. सहा तास थंड पाण्यात सलग पोहायचं, निरीक्षकासमोर. पाणी सोळा अंशांच्या वर नको. अंगात साधा पोहण्याचा पोशाख, डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा. ऊब धरणारा रबरी सूट चालत नाही. नावेला धरायचं नाही. नावेतल्या माणसानं पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. प्यायला द्यायचं तेही बाटली दोरीला बांधून फेकायचं. हात लागला की संपलं, मग तो आधारासाठी लागलेला असो की चुकून. तिकडच्या गेल्या उन्हाळ्यासाठी तिथल्या नावाड्याकडे तिची जागा राखून झाली होती. पुरावा त्याआधी हवा होता. म्हणजे हातात तो एकच हिवाळा होता.

आपल्याकडे ऊन शोधावं लागत नाही, थंड पाणी मात्र शोधावं लागतं. आम्हाला ते सापडलं भंडारदऱ्याला. अकोल्याच्या पुढे, राजूरच्याही वर, डोंगरांच्या कुशीत अडवलेली प्रवरा. आमचं माहेर नेवाशाकडचं. वडील तिथे शिक्षक होते आणि रूथ पोहायला शिकली ती याच प्रवरेत, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पोट टेकून. पण नेवाशाला पोहोचेपर्यंत ही नदी ऊन खाऊन, उसाच्या रानांतून फिरून, माणसाळलेली असते. वर डोंगरात ती कुणाला ओळख देत नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात सगळं उलटं चाललं होतं. जग स्वेटर चढवत होतं आणि रूथ खिडक्या उघड्या टाकून एका चादरीवर झोपत होती. मी दोन रजयांखाली तिच्या नावानं बोटं मोडत होते. बाकीच्या बायका वजन उतरवायला पहाटे फिरायला जात. ही वजन वाढवायला डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी आणि तुपात भिजलेली बाजरीची भाकरी खात होती, कारण त्या पाण्यात चरबी हाच स्वेटर. समोरच्या सुमनकाकूंनी एकदा तिला फाटकात गाठलं.

"रूथ, अंगानं भरलीस गं. कुठे जमलंय का?"

"जमलंय काकू. पाण्याशी."

"मेलं तुझं पाणी. पाणी काय घर चालवणार आहे?"

गच्चीवर निळं प्लॅस्टिकचं पिंप ठेवलं होतं. मासळीवाल्याचा टेम्पो जाता जाता बर्फाच्या लाद्या टाकून जाई, आणि लाद्यांबरोबर थोडा बोंबलाचा वासही येई. रूथ त्या पिंपात गळ्यापर्यंत बसे. मी शाल गुंडाळून समोर स्टुलावर. माझं काम प्रश्न विचारायचं.

हे पेंडसे सरांनी शिकवलं होतं. ते पुण्याचे, एकेकाळी स्वतः लांब पल्ल्याचं पोहलेले, आणि आमचे निरीक्षक. ते म्हणाले होते, थंडी आधी हातपाय धरते, मग जीभ, मग डोकं. डोकं गेलं तरी हात चालत राहतात. माणूस पोहत असतो, हसून "मी बरा आहे" म्हणतो, आणि आपण कुठे आहोत हे त्याला माहीत नसतं. म्हणून दर वेळी प्यायला देताना बोलतं करायचं. मी चार प्रश्न ठरवले. पूर्ण नाव काय, आज वार कोणता, आत्यांची नावं मोठीपासून सांग, पुढच्या वेळी प्यायला काय देऊ. पिंपात, शाळेच्या पोहण्याच्या तलावात, सगळीकडे तेच चार प्रश्न, त्याच क्रमानं. क्रम नसेल तर ती यादी कसली, असं मी नव्या मुलींना नेहमी सांगते.

आमचा करारही त्याच गच्चीवर झाला.

"ताई, मी रडले तरी हात लावायचा नाही."

"बरं."

"शिव्या दिल्या तरी."

"त्या रोजच देतेस."

"उत्तर चुकलं तरच. तेही पुन्हा एकदा विचारून."

"पुन्हा विचारीन."

मग वाट पाहणं सुरू झालं. ढग येत, पारा वर चढे, रूथ चिडचिड करी. चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या तेव्हा एका बाईनं सुनेच्या बाळंतपणासाठी मागितलं, एकानं लेकाच्या नोकरीसाठी. रूथ उभी राहिली आणि कडाक्याच्या थंडीसाठी प्रार्थना करा म्हणाली. मागच्या बाकावरून आवाज आला, "आमची द्राक्षं तेवढी सोडून पडू दे गं बाई." सगळे हसले. मीही हसले, पण आतून मला ती थंडी यायला नको होती. आली नाही तर बहिणीचं वर्ष जाणार होतं. आली तर बहीण त्या थंडीत उतरणार होती. दोन्हींसाठी तयारी मी सारख्याच नेटानं करत होते. जानेवारीत उत्तरेचा वारा फिरला आणि पेंडसे सरांचा फोन आला, या.

त्या सकाळचं भंडारदरा मला तुकड्यातुकड्यांनी दिसतं. पाण्यावरून धूर निघावा तसं धुकं. काठावरच्या गवताला पांढरी बुरशी यावी तसं दव गोठलेलं. आमचे नावाडी सखाराममामा तिथल्याच शेंडी गावचे. त्यांनी कान मफलरीत बांधले होते आणि रूथला पोशाखात उभी बघून ते दुसरीकडे पाहत बोलत होते.

"ह्या दिसांत आमी म्हशी पन घालीत न्हाई ह्या पान्यात."

"म्हशींना खाडी पोहायची नसते, मामा," रूथ म्हणाली.

"व्हय. म्हशींना तेवढी अक्कल हाय."

मी हातमोजे घालून तिच्या मानेला, काखांना, पट्ट्यांच्या कडांना चरबी फासली. तिचं सगळं अंग शहारलेलं होतं. मोज्यातूनही ते जाणवत होतं. चरबी लावून झाल्यावर मी उगाचच आणखी थोडी लावली. ती पाण्यात शिरली तेव्हा ओरडली नाही. फक्त एक श्वास असा घेतला की तो परत बाहेर येतोय की नाही याची मी वाट बघितली. मग नारिंगी टोपी धुक्यात निघाली आणि आम्ही तिच्या बाजूनं.

पहिल्या तासांत ती वात्रटपणा करत होती. मी बाटली फेके, ती उताणी होऊन पिई, आणि मी विचारी.

"पूर्ण नाव?"

"रूथ दानिएल साळवे."

"वार?"

"बुधवार. तुझा काही उपवास नाही, तूही काहीतरी खा."

"आत्या?"

"सुलोचना, मार्था, शांता, लिझा. लिझाआत्या यात आली असती तर पाणी गरम झालं असतं."

"पुढच्या वेळी काय देऊ?"

"आंबील. गोड नको." गुळाच्या पाण्याला ती कंटाळली होती.

पेंडसे सर मिनिटाला तिचे किती हात पडतात ते मोजत आणि मान हलवत. ऊन वर आलं. धुकं फाटून रतनगड दिसायला लागला. काठावर सहलीला आलेल्यांच्या गाड्या लागल्या, कांदाभज्यांचा वास पाण्यावर आला, कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी वाजत होती. मला वाटलं होतं, ऊन आलं की भीती कमी होईल. उलट झालं. इतक्या लख्ख उजेडात, इतक्या लोकांच्या डोळ्यांसमोर, एक बाई आतून विझत जाऊ शकते आणि बाहेरून ती फक्त पोहताना दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. अंधारात निदान माणूस सावध असतो.

माझ्या लक्षात आलं की उत्तरं आखूड होत चालली आहेत. आधी लिझाआत्याची थट्टा गळाली, मग उपवासाची. उरली ती नुसती उत्तरं. पण उत्तरं बरोबर होती. थट्टा थांबली तर हात लावायचा असं करारात नव्हतं.

सहा तास व्हायला थोडाच वेळ राहिला होता तेव्हा वारा सुटला. पाण्यावर बारीक लाटा उठल्या, नाव तिरकी व्हायला लागली. प्यायला देण्याची वेळ झाली. थर्मासचं झाकण माझ्या हातून निसटून नावेच्या बुडाशी गेलं, ते धरायला मी वाकले, आणि सरळ होताना घाईत माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघालाच नाही. तिसरा निघाला.

"आत्यांची नावं सांग, रूथ."

तिनं बाटली छातीवर धरली होती. "रूथ दानिएल साळवे," ती म्हणाली.

वाऱ्यात ऐकू गेलं नसेल, म्हणून मी ओरडून विचारलं. "आत्या. आत्यांची नावं."

"बुधवार."

पेंडसे सर पुढे सरकले. मी तिसऱ्यांदा विचारलं. रूथनं सावकाश, एकेक अक्षर लावत सांगितलं, "सुलोचना, मार्था, शांता, लिझा."

"आल्या भानावर," सर म्हणाले. "वाऱ्यामुळे झालं असेल. बघा, अगदी बरोबर सांगितलं."

"हात चालत्यात की, मॅडम," सखाराममामा म्हणाले. "लई दमाची बाई हाय."

त्या दोघांना दिलासा वाटला, मला नाही. कारण ती यादी माझी होती. नाव, वार, आत्या. ती माझ्या प्रश्नांना उत्तरं देतच नव्हती. माझा आवाज आला की यादीतली पुढची ओळ म्हणत होती, पाढा म्हणावा तशी. मी तिच्याकडून इतके दिवस ते पाठच करून घेतलं होतं. हे खरं असेल तर आता चौथी ओळ येणार होती. मी यादीत नसलेलं काहीतरी विचारलं.

"रूथ, वसतिगृहातल्या कुत्र्याचं नाव काय?"

ते नाव तिनंच ठेवलेलं. खारी. पिल्लू असताना त्यानं खारीचा अख्खा पुडा संपवला होता.

तिनं माझ्याकडे पाहिलं. चष्म्यामागचे डोळे दिसत नव्हते. "आंबील," ती म्हणाली. "गोड नको."

पेंडसे सर हसले. त्यांना वाटलं, ती हातातल्या बाटलीबद्दल तक्रार करते आहे. रूथनं बाटली सोडली, पालथी झाली आणि पुन्हा पोहायला लागली. हात खरोखरच चालत होते.

मी मामांना नाव जवळ घ्यायला सांगितली. सर म्हणाले, "बाई, विचार करा. फार थोडं राहिलंय." मला तेच दिसत होतं: फार थोडं. ते लाडू, ती उघडी खिडकी, खाडीतली राखून ठेवलेली जागा. मी वाकले आणि तिचं मनगट धरलं. फ्रीजमधून काढलेल्या पातेल्याला हात लागावा तसं ते गार होतं, आणि तितकंच कडक. तिनं हात हिसडला नाही. नुसती थांबली, कुणी रस्त्यात थांबवल्यावर थांबावं तशी. सरांनी घड्याळ बंद केलं.

पुढचं मी यादीप्रमाणे केलं. ओलं काढायचं, टिपायचं, चोळायचं नाही, गरम पाणी अंगावर घालायचं नाही, कोरडे कपडे, टोपी, घोंगडी, कोमट घोट. खोलीत नेल्यावर तिला खरी हुडहुडी भरली. खाट वाजत होती. मध्येच तिनं मला विचारलं, "तुम्ही कुठल्या?" आणि मग, "मुली जेवल्या का?" मी म्हटलं, जेवल्या. बराच वेळ गेला तेव्हा तिचे डोळे स्थिर झाले, तिनं खोली पाहिली, मला पाहिलं.

"हात कुणी लावला?"

"मी."

तिनं भिंतीकडे तोंड केलं.

परतीच्या वाटेवर संगमनेरच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांमागे आमची जीप बराच वेळ अडकली. एरवी ती उतरून ऊस मागून आणते. त्या दिवशी ती फक्त एवढंच म्हणाली, "उत्तरं बरोबर होती. सर म्हणाले मला."

"ती उत्तरं नव्हती, रूथ." मी तिला सगळं सांगितलं.

"पाणी कानात होतं. वारा होता."

"तू मला कुठल्या म्हणून विचारलंस."

"ते बाहेर काढल्यावर. बाहेर काढल्यावर असंच होतं, हातापायांतलं गार रक्त आत परततं. सरांनीच शिकवलंय ना?"

ते खरं होतं. पाण्यात तिचं डोकं कितपत ठिकाणावर होतं याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. एक कुत्र्याचं नाव होतं, आणि तेही न सांगितलेलं. राखलेली जागा गेली. तिकडच्या उन्हाळ्यात, ज्या आठवड्यात तिनं तिकडे असायचं होतं, त्या आठवड्यात ती शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारत होती. आम्ही एका घरात राहत होतो, जेवणं वेळेवर होत होती, बोलणं कामापुरतं होतं. रात्री पाणी प्यायला उठले की मला तोच प्रश्न पडे: मी तिला वाचवलं की तिचं वर्ष खाल्लं? दोन्ही बाजू मी मांडून पाहत असे. दोन्ही बाजू भरत. बेरीज होत नसे.

आता पुन्हा मुली नळापाशी "तू आधी" करत आहेत. पिंप पुन्हा गच्चीवर गेलं आहे. पुढच्या उन्हाळ्याची जागा रूथनं मला न विचारता राखली, आणि या वर्षी मी नावेत बसणार नाही हे मीही मनाशी ठरवून टाकलं. पेंडसे सर आहेत, मामा आहेत, दुसरं कुणी पाहा. वाक्य तयार होतं, फक्त सांगायचं राहिलं होतं.

गेल्या रविवारी चर्चमधून आल्यावर ती पिंपात बसली आणि म्हणाली, "ताई, जरा ये. जुने प्रश्न उलटसुलट विचार. मधूनमधून मनाचे घाल."

मी स्टूल ओढलं. पहिल्यांदा आत्या विचारल्या, मग वार, मग काल कालवणाला काय होतं. पटापट उत्तरं आली. बर्फ आणखी टाकला. वेळ जाऊ दिला. ओठांचा रंग बदलला तेव्हा मी विचारलं, "काल मैदानावर कुणाचा पाय मुरगळला?"

"रूथ दानि..." ती म्हणाली आणि थांबली. तोंड उघडंच राहिलं. मग पिंपाच्या कडेला दोन्ही हात टाकून ती उठायला लागली, आणि मी तिला ओढून काढलं.

गच्चीवर ऊन होतं. घोंगडीत गुंडाळून ती भिंतीला टेकून बसली, कोमट चहाचा पेला दोन्ही हातांत धरून. चहा हिंदकळून बोटांवर सांडत होता. हुडहुडी हळूहळू ओसरली. खाली मुलींचं धुणं चाललं होतं.

"मला ऐकू आलं," ती म्हणाली.

"काय?"

"मी काय बोलतेय ते. प्रश्न कळला होता, ताई. आठवीतल्या स्नेहलचा पाय. मला माहीत होतं. आणि तोंडातून नाव यायला लागलं. ते मला थांबवताच येईना."

मी तिचा पेला घेतला आणि खाली ठेवला.

"तिथे मला ऐकूसुद्धा आलं नसणार," ती म्हणाली.

माझं तयार वाक्य ओठांवर होतं. नावेत बसणार नाही. ते म्हणायला मी श्वास घेतला. ती पाय उन्हात लांब करत, खांदा चोळत, भाजीत मीठ कमी असल्याच्या त्याच आवाजात म्हणाली, "यंदा उजवा हात धरू नकोस. गेल्या वेळेपासून तो खांदा दुखतो. डावीकडून ये."

खालच्या नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं. कुणीतरी ते बंद केलं.

"मग मामांना नाव डाव्या अंगाला ठेवायला सांगावं लागेल," मी म्हणाले.